रिकाम्या नावाचा

१

जेवण झालं, हात धुतले, की अण्णा मागच्या खोलीत जायचे. हा त्यांचा नेमच. एके काळी त्या खोलीत फोटो धुतले जायचे, म्हणून तिला खिडकी ठेवलीच नव्हती. पुढे दुकान बंद झालं, फोटो धुणंही जगातून उठलं, तेव्हा भिंतीला एक लहानशी खिडकी पाडून घेतली. तिच्यातून शेजारच्या भिंतीचा तुकडा दिसायचा आणि पाण्याच्या मोटारीची घरघर आत यायची. बाकी खोली होती तशीच. एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि स्कॅनर, आणि मागे एक लाकडी स्टूल. फोटोला आलेलं गिऱ्हाईक त्याच्यावर बसायचं. स्टुलाचा एक पाय आखूड होता. बसलेला माणूस जरा हलला की ते टक् वाजायचं आणि अण्णा ओरडायचे, "हलू नका हो!"

अण्णा फोटो रंगवणारे. फोटो काळे-पांढरे यायचे त्या काळात ते बारीक कुंचल्यानं त्यात रंग भरायचे. नवरीच्या ओठांना लाली, साहेबाच्या टायला निळा. एका टकल्या साहेबाला त्यांनी न मागता केस काढून दिले, तर तो साहेब जन्मभर याच दुकानात येत राहिला, असं काकू सगळ्यांना सांगायच्या. काकू म्हणजे अण्णांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, तेव्हा आपणही काकूच म्हणू.

सध्याचं काम होतं घरचे जुने फोटो नीट लावण्याचं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं सुट्टीत येऊन ते एकदा घाईघाईनं स्कॅन केले होते. धुरकट आले होते, पण एक गोष्ट तिनं फार चांगली केली होती. आईला शेजारी बसवून, एकेका फोटोत कोण कोण आहे ते विचारून, नावं फोटोच्या पोटात लिहून ठेवली होती. पोटात म्हणजे, वरून दिसत नाहीत, पण फोटो जाईल तिकडे नाव त्याच्याबरोबर जातं. पूर्वी लोक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवत, त्यातलाच प्रकार.

आता अण्णांनी तेच फोटो नव्यानं, निवांतपणे, काच पुसून पुसून मोठे स्कॅन केले होते. चेहरे लख्ख आले होते. जुन्या फोटोंच्या पोटातली नावं नव्यांच्या पोटात घालायची तेवढी राहिली होती. ते प्रोग्राम एका झटक्यात करतो. फक्त आधी एक विचारतो: जुन्या फोटोतला रकाना रिकामा असेल, तर नव्या फोटोत असेल ते राहू देऊ, की तेही पुसू?

अण्णांनी लेकीला फोन लावला.

"राहू द्या म्हणावं," ती म्हणाली. "रिकामं कशाला पुढे न्यायचं, बाबा? असलेलं पुसलं जाईल उगाच."

"तुझं बरं आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"मी हाकते. तुम्ही एखादी हरवू नका म्हणजे झालं."

अण्णा हसले आणि त्यांनी "राहू द्या" दाबलं. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली. काम झालं.

२

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा पडद्यावर शालीचा फोटो होता.

शालीचा फोटो म्हणजे, याच स्टुलावर बसलेल्या तरुण काकू आणि मांडीवर शालीत गुंडाळलेलं मूल. लेकीच्या आधीचं, पहिलं. काही आठवडे जगलं. त्याचा हा एवढाच फोटो. अण्णांनीच काढलेला आणि रंगवलेलाही.

फोटोत मुलाच्या चेहऱ्याभोवती प्रोग्रामनं एक पांढरी चौकट काढली होती आणि खाली नाव लिहिलं होतं. अण्णांचं स्वतःचं, आडनावासकट.

चहा बशीत सांडला. "हे काय हो? जिवंत माणसाचं नाव गेलेल्या लेकरावर घालता?"

"मी कशाला घालू? त्यानं घातलं."

झालं असं होतं. स्कॅनर आणला त्या दिवशी त्यानं नाव विचारलं आणि अण्णांनी आपलं सांगितलं. तेव्हापासून तो प्रत्येक नव्या फोटोच्या नावाच्या रकान्यात आधी अण्णांचंच नाव घालून ठेवायचा. बाकीच्या फोटोंत जुनी नावं आली आणि त्यांचं नाव निघून गेलं. या मुलाच्या चेहऱ्याला मात्र जुनं नाव नव्हतंच. लेकीनं विचारलं तेव्हा काकूंनी तो रकाना रिकामाच ठेवायला सांगितला होता.

अण्णांनी ते नाव पुसलं. फोटो बंद करून उघडला, तर पुन्हा तेच. रकाना रिकामा दिसला की यंत्र अण्णांचं नाव आणून बसवायचं.

"बाळ असं लिहू का?" त्यांनी विचारलं.

"बाळ हे काय नाव झालं? बाळं सगळ्यांचीच असतात."

"मग तू सांग. मी ते लिहितो."

काकूंनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग पदार्थातलं मीठ सांगावं इतक्या साधेपणानं म्हणाल्या, "नाव मी त्याच्या कानात सांगितलंय. त्याचं त्याला माहीत आहे. मशिनला कशाला?"

अण्णांना हे इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं कधी. मूल गेलं, त्यानंतर दोघं त्याविषयी बोललेच नाहीत, म्हणजे भांडून नव्हे, आपलं राहूनच गेलं.

त्यांनी एक युक्ती केली. नावाच्या रकान्यात काही अक्षर न लिहिता नुसती लांब पट्टी एकदा दाबली, दोन शब्दांमध्ये जागा सोडताना दाबतो ती. रकाना बघायला कोरा, पण यंत्राच्या लेखी भरलेला. फोटो बंद केला, उघडला. चौकट होती, खाली काही नव्हतं.

"आता बरं दिसतं," काकू म्हणाल्या.

रात्री जेवताना लेकीचा फोन आला तेव्हा अण्णांनी तिला हे कौतुकानं सांगितलं. ती हसून म्हणाली, "म्हणजे तुम्ही रुमाल टाकून जागा धरून ठेवलीत."

३

त्या प्रोग्रामला एक खोड होती. एकदा एका चेहऱ्याला नाव मिळालं की तो बाकीचे सगळे फोटो धुंडाळायचा आणि त्या माणसाचे असतील तेवढे एका जागी गोळा करायचा. बाजूला माणसांची ओळ दिसायची. छोट्या गोलात चेहरा आणि खाली नाव. काकू, लेक, जावई, काकूंचा भाऊ, दुकानातला जुना नोकर.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी बघितलं, तर ओळीत शेवटी एक नवा गोल होता. शालीतलं मूल. खाली कोरं. त्याचा एकच फोटो, तेव्हा गोल उघडल्यावर एकच दिसायला हवा होता.

उघडल्यावर पडदा भरून गेला.

पहिला तोच, शालीचा. दुसऱ्यात काकू लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि लेकीला तिची चौकट होतीच. पण आणखी एक कोरी चौकट काकूंच्या गुडघ्यापाशी होती. तिच्यात जमिनीची फरशी होती, नुसती. तिसरा फोटो लेकीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा. लेक फाटकाला धरून रडत होती. तिच्या शेजारी, तिच्या डोक्यापेक्षा जरा वर, कोरी चौकट. चौकटीत फाटकाचे गज.

अण्णा घाबरट नव्हते. काळ्या खोलीत आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी आधी स्कॅनरची काच पुसली. मग मूळ फोटो काढून भिंगाखाली धरले. काही नव्हतं. गज ते गज, फरशी ती फरशी.

"बाबा, तो कुठेही चेहरे काढतो," लेक फोनवर म्हणाली. "माझ्याकडे त्यानं नळाला माणूस समजून सासूबाईंचं नाव दिलं होतं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"मी दाखवायला वेडी आहे का?"

अण्णा हसले. नळाचं ठीक होतं. नळाला दोन चाव्या आणि खाली तोटी, चुकू शकतं यंत्र. पण त्याची चूक दर वर्षी वाढत कशी जाईल? त्यांनी फोटो वयाप्रमाणे लावले. चौकट गुडघ्यापाशी होती, मग कमरेशी आली, मग काकूंच्या खांद्याला लागली. लेकीच्या लग्नात ती मागच्या रांगेत होती, उंच माणसांच्या बरोबरीनं, दोन पाहुण्यांच्या मध्ये. गर्दीचा फोटो होता. लोक खांद्याला खांदा लावून उभे होते. तेवढ्या एका ठिकाणी मात्र दोघा पाहुण्यांनी अंग चोरून जागा सोडली होती.

४

काकूंना सांगायचं नाही असं अण्णांनी ठरवलं होतं. पण घर ते केवढं. एका दुपारी त्या मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते कळलंच नाही.

"इथे कोण आहे?" त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. फोटो कुठल्या तरी बागेतला होता.

"कुणी नाही. मशिनला भास होतो."

काकूंनी चष्मा नाकावर नीट बसवला. बराच वेळ बघितलं. "माझा हात बघा ना," त्या हळूच म्हणाल्या. "कसा धरलाय मी."

बघितलं तर खरंच. एका हातात पिशवी होती. दुसरा हात शरीरापासून जरा दूर, बोटं अर्धवट मिटलेली. लहान मुलाचं बोट धरून चालताना हात जसा होतो, तसा.

"सवय असेल," अण्णा म्हणाले.

"हो, असेल," काकू म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उजळला होता.

त्या दिवसापासून त्या दुपारी झोपेनाशा झाल्या. आपली खुर्ची घेऊन मागच्या खोलीत यायच्या आणि म्हणायच्या, "लावा." अण्णा एकेक फोटो लावायचे. त्या बघायच्या, कधी "उंच झाला" असं पुटपुटायच्या. आणि बघता बघता तिथेच डुलकी घ्यायच्या. गल्लीतली शिंपीणबाई म्हणाली, "काकू, हल्ली तब्येत सुधारली हो." आणि ते खोटं नव्हतं.

अण्णांचं मात्र उलटं झालं. ते पडद्याकडे तोंड करून बसायचे. मागे डाव्या हाताला काकूंचा संथ श्वास चालू असायचा. आणि उजव्या हाताला, जिथे स्टूल होतं, तिथून मधूनच आवाज यायचा. टक्.

उंदीर असेल. लाकूड तापलं असेल. मोटार चालू झाली की फरशी थरथरते. अण्णा मनाची समजूत घालायचे आणि फोटो लावणं चालू ठेवायचे. एकदा त्यांनी स्टुलाच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा बाजूला भिंतीशी पडलेला होता, आणि स्टूल टेबलाच्या जरा जवळ आलं होतं. कुणीतरी पडदा नीट दिसावा म्हणून ओढून घ्यावं तसं.

५

शेवटी राहिला होता तो यंदाचा फोटो. लेकीनं मोबाइलवर काढलेला. हीच खोली. खुर्चीत अण्णा, शेजारी काकू, दोघं हसतायत. कोरी चौकट अण्णांच्या डोक्यामागे होती. उभ्या माणसाच्या उंचीची नव्हती, जरा खाली होती. वाकलेल्या माणसाचं डोकं येईल, तिथे.

त्याच वेळी कॉम्प्युटरला काय झालं कोण जाणे, तो आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. पडदा काळा झाला. भर दुपारचं ऊन खिडकीतून येत होतं. काळ्या काचेत मागची खोली स्पष्ट दिसली. काकू खुर्चीत मान टाकून झोपलेल्या. आणि अण्णांच्या खांद्यापलीकडे कुणीतरी.

चेहरा दिसला नाही. काचेच्या कडेला अर्धा जबडा आणि एक कान दिसला. जन्मभर फोटो रंगवलेल्या माणसाला कान पुरे होतो. डोळे-नाक सगळे बघतात, पण कान माणसाचा तोच राहतो, तान्हा असो की म्हातारा. खालची पाळी गालाला चिकटलेली, वरची कड जराशी चपटी. तो कान अण्णांनी एकदा, फार पूर्वी, सगळ्यात बारीक कुंचल्यानं रंगवला होता.

तो माणूस हलत नव्हता. अण्णांकडे बघतही नव्हता. कोऱ्या पडद्याकडे मान पुढे करून बघत होता, एवढंच. दवाखान्याच्या बाकावर माणसं दाराकडे बघत असतात ना, आता आपलं नाव पुकारतील म्हणून, तसा.

पण ही उपमा अण्णांना नंतर सुचली. त्या क्षणी त्यांना फक्त मानेवर गार वाटलं. मागे वळून बघण्याची छाती झाली नाही. पडदा पुन्हा उजळला. गोलांची ओळ आली. शेवटच्या कोऱ्या गोलावर त्यांनी माउस दाबून धरला, तशी यादी उघडली. "हे नाव पुसून टाका." यंत्रानं विचारलं, सगळीकडून पुसायचं का?

झोपलेल्या काकूंना एक हाक मारता आली असती. एवढंच विचारता आलं असतं, की अगं, काय करू?

अण्णांनी "हो" दाबलं.

हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे गेली. स्टूल एकदा वाजलं. मग मोटार बंद पडली आणि खोलीत अशी शांतता झाली की अण्णांना स्वतःचं मनगटावरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

६

काकू जाग्या झाल्या, डोळे चोळले. "किती वेळ झोपले मी? लावा ना काहीतरी."

अण्णांनी शालीचा फोटो लावला. कुठे तरी खात्री करून घ्यायची होती, की तो तरी आहे.

स्टुलावर तरुण काकू बसल्या होत्या. मांडीवर शाल होती. घडी घातलेली, सपाट. दोन्ही हात त्या शालीभोवती गोल धरलेले होते.

काकू पुढे वाकल्या. मग खुदकन हसल्या. "अगंबाई, हा कसला फोटो? रिकामी शाल घेऊन काय बसलेय मी? तुम्ही तरी सांगायचं होतंत."

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. डोळ्यांत कुठे काही लपवलेलंही नव्हतं. शेजारणीच्या फोटोकडे बघावं तितक्या मोकळेपणानं त्या बघत होत्या.

"अगं, आपला पहिला," अण्णा म्हणाले.

"पहिला काय?"

"मुलगा."

"काहीतरीच. एकच तर लेक आपल्याला." त्या उठल्या, जाता जाता अण्णांच्या कपाळाला हात लावून बघितला. "ऊन लागलंय तुम्हाला. पडा जरा."

अण्णांनी कपाटातून मूळ फोटो काढला, कागदाचा. त्यातही शाल सपाटच होती. भिंग लावून बघितलं. शालीच्या वरच्या घडीवर, जिथे कुणी शहाणा माणूस रंग लावणार नाही अशा ठिकाणी, गुलाबी रंगाचे दोन बारीक ठिपके होते. गालांचे. कुंचला त्यांचाच होता. हात त्यांचाच होता. रंग तेवढा राहिला होता.

फोनवर लेकीला विचारलं. "कोण मुलगा, बाबा?" ती म्हणाली, आणि मग तिनं आईला फोन द्यायला सांगितलं. दोघी हळू आवाजात बराच वेळ बोलल्या.

७

आता दुपारी काकू बाहेरच्या खोलीत झोपतात. मागच्या खोलीत अण्णा एकटेच असतात. मागे काही वाजत नाही. ते कितीदा तरी पडदा मुद्दाम बंद करून काळ्या काचेत बघतात. खिडकी दिसते, स्टूल दिसतं. आधी ज्याच्या भीतीनं घाम फुटला होता, त्याच्याच वाटेकडे आता डोळे लागून राहतात. वाट बघणाऱ्याला आपण हाकलून दिलं, एवढं त्यांना कळून चुकलंय. तो मागत काय होता, तर नाव. तेही त्याचं स्वतःचंच.

म्हणून ते नावं लिहून बघतात. शालीचा फोटो उघडतात, रकान्यात एक नाव घालतात, मोठ्यानं म्हणतात, थांबतात, पुसतात. मग दुसरं.

एकदा काकूंनी ते दारातून ऐकलं. "कुणाला हाका मारताय?"

"अशीच नावं. मुलग्यांची."

"कुणाकडे बारसं आहे का?"

"हो," अण्णा म्हणाले. "एकांकडे."

काकूंना खेळ आवडला. खुर्ची ओढून बसल्या आणि सुचवायला लागल्या. एक जुनं वाटलं, एक फार लांब, एकाला त्या स्वतःच हसल्या, "हे नको, शाळेत पोरं चिडवतील." अण्णा मुकाट्यानं प्रत्येक नाव लिहीत होते.

मग काकूंनी आणखी एक नाव घेतलं. दोन्ही हात मांडीवर होते, ते जरासे वर उचलले गेले, गोल झाले आणि तसेच राहिले. त्यांनी त्या हातांकडे बघितलं, कुणी दुसऱ्याचे असावेत तसं.

"नको," त्या म्हणाल्या. "हे नका देऊ त्यांना."

"का गं?"

"काय माहीत. हे कुणाचं तरी आहे." त्या उठल्या. "चहा टाकते."

अण्णांनी ते नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. यंत्रानं विचारलं, हा माणूस फोटोत कुठे आहे, चौकट काढा. अण्णांनी भिंग घेऊन ते गुलाबी ठिपके शोधले आणि शालीच्या घडीवर, त्या ठिपक्यांभोवती, हातानं चौकट काढली. वाकडी आली. ती त्यांनी तशीच ठेवली.

मग मागे न बघता थांबले. बराच वेळ थांबले. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला, बाकी काही नाही.

पडद्यावर अक्षरं आली: इथे चेहरा सापडला नाही. तरीही नाव ठेवायचं का?

फोटो उघडला की ते रोज विचारतं. अण्णा रोज "हो" दाबतात.